खोब्रागड्यांची बर्फगाडी

सिंगापुरात बर्फ पडत नाही, ही गोष्ट मिलिंद खोब्रागड्यांना कोणी सांगितली नव्हती असं नाही. बायकोने सांगितली होती, कस्टमवाल्याने सांगितली होती, इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तर एकदा माइकवरून सांगितली होती. मी स्वतः बुकित बातोक ते चांगी, म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ऑफिसला जाता-येता कितीदा तरी सांगितली. ते दर वेळी तितक्याच आदराने ऐकून घेत आणि म्हणत, "अजून नाही पडला जी."

या 'अजून'च्या भरवशावर त्यांनी एक स्नोमोबिल घेऊन ठेवली होती.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे चाकांऐवजी दोन लोखंडी स्की, मागे रणगाड्याला असतो तसा पण रबराचा पट्टा, मधे स्कूटरसारखी लांब सीट आणि हँडल. बर्फाळ मुलखात लोक ही गाडी बर्फावरून पळवतात. खोब्रागड्यांची गाडी जुन्या काळातली होती, एका सिलिंडरची, पिवळ्याजर्द बॉनेटची, दोरी ओढून सुरू करायची. बॉनेटवर हात ठेवून ते म्हणायचे, "हिच्यानंतरच्या गाड्या नुसत्या वेगासाठी केल्या. ही माणसांसाठी केलेली आहे."

त्यांची माझी ओळख एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत झाली. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत ऑडिटला आहे. त्या सकाळी समोरच्या सीटवर एक काळेसावळे, शिडशिडीत गृहस्थ गुडघ्यांवर भलंमोठं हेल्मेट घेऊन बसले होते. शेजारच्या चिनी आजीने विचारलं, "फूड डिलिव्हरी आह?" ते म्हणाले, "नो आंटी, स्नो." आजीने तोंड फिरवलं. मग त्यांचा फोन वाजला आणि ते मराठीत म्हणाले, "हो जी, पट्टा आला, त्याच्या आतली बोगी चाकं येऊन राहिली." परदेशात मराठी कानावर पडलं की मान आपोआप वळते. माझी वळली, आणि पुढची सात-आठ वर्षं ती सरळ झाली नाही.

खोब्रागडे मूळचे चंद्रपूरचे. तिथला उन्हाळा ज्याने काढला त्याला नरकाची भीती दाखवण्यात अर्थ नाही. वडील कोळशाच्या खाणीत फिटर. मुलगा इंजिनियर झाला आणि सिंगापुरात येऊन कॉम्प्युटरांनी भरलेले हॉल थंड ठेवायच्या कामाला लागला. सगळं बेट घामाने निथळत असताना हा माणूस दिवसभर जॅकेट घालून काम करायचा. कॅनडाहून मागवलेला, पायापासून गळ्यापर्यंत एकसंध असा जाडजूड स्नोसूट त्यांनी पहिल्यांदा घालून पाहिला तोही तिथेच. त्यानंतर त्यांच्या मॅनेजरने सगळ्या स्टाफला पोशाखाविषयी एक सर्वसाधारण ईमेल पाठवला. "कोणासाठी होता काय माहीत," खोब्रागडे म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच माहीत नव्हतं.

स्नोमोबिलचा इतिहास मी त्यांच्याकडून स्टेशनवार शिकले. जुरोंग ईस्टला गाडी बदलली की कॅनडातलं क्युबेक सुरू व्हायचं. तिथल्या एका मेकॅनिकचं पोर आजारी पडलं, रस्ते बर्फाने बंद, दवाखाना गाठता आला नाही, पोर गेलं. मग त्या बापाने बर्फावर चालेल अशी गाडी करायचा ध्यास घेतला. हे सांगून खोब्रागडे क्लेमेंटी येईपर्यंत हेल्मेटवर हात फिरवत बसायचे. पुढे त्या गाड्या चांगल्या बसएवढ्या झाल्या, त्यांतून डॉक्टर, पोस्टमन, शाळेतली मुलं जायला लागली. क्वीन्सटाउनला लहान इंजिन यायचं आणि तीच गाडी घराघरातली हौस व्हायची. पाया लेबारपर्यंत शंभरावर कंपन्या निघायच्या. गवतकापणी यंत्रं करणारे, होड्या करणारे, जो तो स्नोमोबिल काढायचा. मग पेट्रोल महागायचं, हिवाळे कोरडे जायचे आणि कंपन्या पटापट बुडायच्या. तानाह मेराहला पुन्हा गाडी बदलावी लागते, त्यामुळे दिवाळखोरीचा भाग आम्ही नेहमी प्लॅटफॉर्मवर पळत पळत उरकला.

तिकडचे शौकीन उन्हाळ्यात याच गाड्यांच्या गवतावर शर्यती लावतात, हेही त्यांनीच सांगितलं. काही जण तर तळ्याच्या पाण्यावरून पळवतात. वेग आहे तोवर गाडी तरते, वेग गेला की मालकासकट तळाला. मी म्हटलं, "मग इथेही चालवा की गवतावर. बुकित बातोकला गवताला काय तोटा?"

ते दुखावले. "ताई, पुरणपोळी पाण्यात बुडवून खाता येते ना?"

"येते."

"मग खाता का?"

एवढ्यात आमचं स्टेशन आलं.

गाडी देशात आली तो किस्सा ते फार प्रेमाने सांगत. कस्टमच्या माणसाने खोक्यात डोकावून विचारलं, हे काय आहे. यांनी खरं ते सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती, त्यामुळे अनेकदा पंचाईत व्हायची. सिंगापुरात साधी मोटार रस्त्यावर आणायची तर तिच्या किमतीएवढा परवाना काढावा लागतो. आणि या वाहनासाठी तर रकानाच नव्हता. साहेबाने बराच वेळ कॉम्प्युटरवर शोधलं. मग म्हणाला, "सर, व्हेअर यू यूज?"

"नोव्हेअर."

"नॉट ऑन रोड?"

"नो."

"देन व्हेअर?"

"इफ स्नो कम्स, देन."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि इथल्या ढंगात म्हणाला, "देन कॅन, लाह."

बुकित बातोकच्या इंडस्ट्रियल भागात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अंकल लिम नावाच्या म्हाताऱ्याचं गवतकापणीची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यातला मागचा कोपरा खोब्रागड्यांनी भाड्याने घेतला होता. रविवारी सकाळी ते तिथे जाऊन गाडीचा एखादा भाग खोलून, पुसून, पुन्हा बसवत. लिम त्यांना येडा समजत असे आणि ते तोंडावर सांगत असे. पण दिवसातून दोनदा त्या गाडीवर फडकं तोच मारायचा. एकदा समोरच्या गाळ्यातल्या कोळंबीच्या कोल्ड स्टोरेजमधून त्याने ढकलगाडीभर बर्फाचा चुरा आणून अंगणात ओतला आणि म्हणाला, "नाऊ हॅव. स्टार्ट."

खोब्रागडे मान हलवून म्हणाले, "अंकल, मस्ट फॉल फ्रॉम अबव्ह."

लिमने वर आभाळाकडे बघून त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ते काय असावं हे कळायला भाषेची गरज नव्हती.

इथल्या दमट हवेत गाडीला गंज चढू नये म्हणून खोब्रागड्यांनी अख्ख्या मराठी वस्तीला कामाला लावलं होतं. नव्या बुटांच्या खोक्यात, औषधांच्या बाटलीत त्या ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पांढऱ्या पुड्या निघतात ना, त्या कोणी टाकायच्या नाहीत. सत्यनारायणाला गेलेली माणसं प्रसाद घेऊन येतात, हे पुड्या घेऊन यायचे. माझी मुलगी इरा त्यांना 'सिलिका अंकल' म्हणायची. "मम्मी, सिलिका अंकल डाउनस्टेअर्स लाह," असं तिने सांगितलं की मी मुकाट्याने स्वयंपाकघरातला डबा काढून द्यायची.

आता एवढी मशागत केलेली गाडी त्यांनी एकदाही सुरू केली नव्हती. दोरी ओढून इंजिन नुसतं फिरवायचे, ठिणगी पडते का पाहायचे, पण टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. "पहिला स्टार्ट बर्फावर," हा त्यांचा शब्द होता. कोणाला दिला होता विचारलं तर म्हणायचे, "गाडीला."

एका दसऱ्याला मंडळाच्या लोकांनी ठरवलं की आपल्यात असं दुर्मीळ वाहन आहे तर त्याची पूजा करू. खोब्रागडे त्या दिवशी सकाळी विहारात धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला जाऊन, पांढऱ्या शर्टात, थेट दुकानावर आले. पाहतात तो अध्यक्ष झेंडूचा हार घेऊन उभे, आणि लिंबू स्कीखाली ठेवायचं की पट्ट्याखाली यावर दोन गट पडलेले. खोब्रागड्यांनी सगळ्यांना बसायला स्टुलं दिली. मग म्हणाले, "तुम्ही आले, बरं वाटलं. पण तिला ग्रीस लागते जी. कुंकू नाही लागत." इतक्या गोडीने म्हणाले की कोणाला रागावता येईना. लिंबं लिमने सरबताला घेतली.

सरबत पिता पिता कोणीतरी म्हणालं, निदान सुरू तरी करून दाखवा. हे आपले तेच, पहिला स्टार्ट बर्फावर. तेव्हा मागून प्रज्ञावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बोलल्या. वहिनी घरी गणिताच्या शिकवण्या घेत, आणि उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं नवऱ्याकडे बघत. त्या गाडीला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पडू द्या हो बुकित बातोकला बर्फ. मी स्वतः मागे बसून चक्कर मारते."

सगळे हसले. खोब्रागडे हसले नाहीत. "ठरलं," म्हणाले, आणि ग्लास खाली ठेवला.

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी वडिलांनी रद्दीच्या दुकानातून एक विलायती मासिक आणलं होतं. त्यात एक रंगीत जाहिरात होती. पिवळी स्नोमोबिल, तिच्यावर एक माणूस, मागे त्याची बायको हसते आहे, सगळीकडे पांढरंशुभ्र. वडिलांनी ते पान कापून कूलरच्या बरोबर वर, भिंतीला चिकटवलं. मे महिन्यात वीज जायची, कूलर बंद पडायचा, ओले पंचे अंगावर घेऊन सगळे जमिनीवर लोळत असायचे. वडील त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "इकडं पाहून राहा. थंडं वाटते."

"आणि वाटायचं?" मी विचारलं.

"वाटायचं ना ताई. आम्ही सगळे पाहायचो. आई सोडून. आईला चुलीपाशी काम असायचं."

एवढंच सांगून ते पाया लेबारच्या कंपन्यांकडे वळले. मला त्या दिवशी ऑफिसात काही सुधरलं नाही.

जगभरातल्या जुन्या स्नोमोबिलवाल्यांचा एक इंटरनेटवरचा क्लब होता, त्यात खोब्रागड्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. कॅनडा-अमेरिकेतले पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे गुडघाभर बर्फात उभे राहून त्यांना व्हिडिओ कॉल करायचे आणि अमुक साली गिअरची साखळी कोणत्या बाजूला होती असं विचारायचे. हे बनियनवर, गळ्यात टॉवेल, उत्तर देत. "तुमच्याकडे हिवाळा कसा आहे?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "नो कम्प्लेंट." त्यांतल्या गॉर्डन नावाच्या म्हाताऱ्याला हे कुठे राहतात ते चार वर्षांनी कळलं. त्याने टोपी काढली.

आणि शेवटी गाडी जाणार होती ती याच गॉर्डनकडे. लिमचं दुकान होतं ती इमारत पाडायची ठरली. त्याच सुमारास खोब्रागड्यांची नोकरी संपली आणि दोघांनी देशात परत जाऊन नागपूरला राहायचं नक्की केलं. तिथे दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट बेताची. गाडी नेणार कुठे? गॉर्डन म्हणाला, मला द्या, पहिला बर्फ पडला की मी तिला सुरू करीन आणि तुम्हाला व्हिडिओ पाठवीन.

"म्हणजे पहिला स्टार्ट तो करणार?" मी विचारलं.

"हो ना. तिच्या नशिबी बर्फ आहे, हे महत्त्वाचं," ते म्हणाले, आणि आधीच घट्ट असलेला एक बोल्ट पुन्हा घट्ट करायला लागले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मीही हसणाऱ्यांतच होते, पण दुसऱ्या कोणी ती दोरी ओढावी हे मला अजिबात पटलं नाही.

सोमवारी ट्रक येणार होता. शनिवारी दुपारी मी दुकानावर गेले. रात्री माझं पुण्याचं विमान होतं, परत येईपर्यंत दोघं गेलेली असणार, म्हणून निरोप घ्यायला. सवयीने पुड्यांचा डबाही घेऊन गेले. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. आभाळ काळं झालं होतं, त्यात नवल नव्हतं, बुकित बातोकला विजा रोजच्याच. पाऊस आला. आणि मग दुकानापुढच्या पत्र्यावर कोणी हरभरे ओतावेत तसा आवाज व्हायला लागला.

लिम कातावून बाहेर गेला. "हू थ्रो स्टोन?"

मग तो तसाच आत आला. तळहातावर एक पांढरा खडा होता. "मिस्टर मिलिन," तो म्हणाला, "फ्रॉम अबव्ह."

आम्ही चौघंही बाहेर धावलो. गारा पडत होत्या. सिंगापुरात, बुकित बातोकला, मालाचे ट्रक लागतात त्या अंगणात. फार मोठ्या नाहीत, पण पडत होत्या आणि भिंतीच्या कडेला साठत होत्या. खोब्रागडे उघड्या डोक्याने त्यांत उभे होते.

वहिनी पत्र्याखाली थांबून म्हणाल्या, "अहो, ह्या गारा आहेत. बर्फ नाही."

खोब्रागडे माझ्याकडे वळले. चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा. "ताई, तुम्ही ऑडिटवाल्या. तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हटलं तर नाही."

मी म्हटलं, "वरून पडलंय?"

"हो."

"पांढरं आहे?"

"हो."

"वहिनी, एक हातात धरा. बोटं गारठतात का?"

वहिनींनी एक गार उचलली. मुठीत धरली. बराच वेळ धरली. "गारठतात," त्या म्हणाल्या.

"मग चालेल."

इतकी संशयास्पद बाब मी इतक्या झटपट आयुष्यात कधी मंजूर केलेली नाही.

त्यानंतर जे झालं ते शिस्तीत सांगणं कठीण आहे. लिमने झाडू वाटले. सिक्युरिटीवाले मलय काका काय चाललंय बघायला आले, त्यांच्याही हातात एक दिला. आम्ही कोपऱ्याकोपऱ्यातल्या गारा झाडून अंगणाच्या मधे त्यांचा पट्टा करायला लागलो. गाडी उतारावरून ढकलून त्याच्या एका टोकाला आणली. आणि खोब्रागडे आत जाऊन स्नोसूट घालत होते. पूर्ण. बूट, हातमोजे, हेल्मेट, सगळं.

"तुमचं लुगडं नेसून होईस्तोवर पाणी होईल सगळं," वहिनी ओरडल्या.

पेट्रोल नव्हतंच. लिमने गवतकापणीच्या यंत्राचं, तेल मिसळलेलं पेट्रोल आणलं. खोब्रागड्यांनी हेल्मेटच्या आतून विचारलं, मिश्रण कितीला किती आहे.

"यू वॉन्ट ऑर नॉट?" लिम म्हणाला.

टाकीत पेट्रोल गेलं. खोब्रागड्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन खोकून गप्प झालं. पुन्हा, पुन्हा. गारा थांबत आल्या होत्या, पट्ट्याच्या कडा पाणी व्हायला लागल्या होत्या. जगभरचे दाढीवाले ज्याला विचारायचे तो माणूस हातमोजे घातलेल्या हातांनी दोरीशी झटत होता. मला बघवेना.

"चोक दिला का?" वहिनींनी विचारलं.

खोब्रागडे थांबले.

"चंद्रपूरच्या स्कूटरलाही असंच करायचे," वहिनी आम्हाला म्हणाल्या. "चोक द्यायचे नाहीत अन् किका मारत बसायचे."

त्यांनी चोक ओढला. दोरी ओढली. आणि ती सुरू झाली. रिकाम्या डब्यात कोणी खिळे खुळखुळवावेत तसा आवाज, निळा धूर, सगळं अंगण दुमदुमलं. लिमने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. सिक्युरिटीवाल्या काकांनी झाडू खांद्याला लावून सलाम ठोकला, कोणाला ते त्यांनाही माहीत नसावं. खोब्रागड्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

वहिनींनी छत्री उघडली. पदर खोचला. आल्या, आणि सीटवर बसल्या, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, स्कूटरवर बसतात तशा.

"चित्रात अशी नाही बसली," खोब्रागडे म्हणाले.

"मग चित्रातलीला बोलवा," वहिनी म्हणाल्या, आणि एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

गाडी निघाली. माणूस चालतो त्याहून जरा जोरात. स्कीखाली गारा करकरल्या, रबरी पट्टा गरगरला, वहिनींची छत्री मागे झुकली. आणि त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पांढरं जिथे संपत होतं तिथे, बरोबर कडेवर, खोब्रागड्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

लिम ओरडला, "कम बॅक! राइड बॅक!"

"कॅनॉट, अंकल," खोब्रागडे म्हणाले. "नो मोर स्नो."

खरंच नव्हता. वळून पाहिलं तर गारांच्या पट्ट्याचं पाणी झालं होतं आणि ऊन पडलं होतं. आम्ही नाही नाही ते सांगून पाहिलं. पेट्रोल आहे, इंजिन गरम आहे, चार हातांवर तर दुकान. ते ऐकेनात. मग गाडी ढकलायची ठरली. मी म्हटलं, "वहिनी, उतरा आता."

"बर्फ पडला की बसायचं, असं ठरलं होतं," वहिनी छत्री सावरत म्हणाल्या. "उतरायचं कधी ते ठरलं नव्हतं."

माझ्या डोळ्यांपुढचे खोब्रागडे आजही असे आहेत. हेल्मेट, बूट, जाडजूड स्नोसूट, त्यावर पडलेलं कडक ऊन, आणि ते हँडल धरून पिवळी गाडी रेटताहेत. मागून लिम, सिक्युरिटीवाले काका आणि मी ढकलतो आहोत, स्की सिमेंटवर किंचाळताहेत, वर वहिनी राणीसारख्या बसल्या आहेत. माझा कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता. उताराशी दम खायला थांबलो तेव्हा त्यांनी हेल्मेटची काच वर केली. आतून चेहरा नुसता निथळत होता, घाम कुठला आणि दुसरं काय ते ओळखू येत नव्हतं. त्यांनी मागे बायकोकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "थंडं वाटते ना ताई?"

"हो," मी म्हटलं. "वाटतंय."

ते खोटं नव्हतं. त्यांनी काच खाली केली आणि आम्ही पुन्हा ढकलायला लागलो.